विषय : जपानी चित्रपट लवकर मिळण्याबाबत

जपानमधल्या एका चित्रपट कंपनीला अर्ज करावा, ही कल्पना सर्वस्वी माझी होती. पुढे जे झालं त्याचं खापर लोकांनी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीवर फोडलं, थोडं जगनभाऊंवर फोडलं, आणि माझ्या मुलाने तर ते अख्ख्या पनवेलवरच फोडलं. पण मी चौतीस वर्षं एका कचेरीत टेबलावर काढलेला माणूस आहे. मूळ टिपणी कोणाची, हे मला लपवता येत नाही. टिपणी माझी आणि खालची सहीही माझीच.

आमच्या हिच्या, म्हणजे वसुंधराच्या, दोन्ही किडन्यांनी दोन वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. तेव्हापासून आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, नवीन पनवेलच्या एका केंद्रात तिचं रक्त यंत्रातून फिरतं आणि मी बाहेरच्या स्टीलच्या बाकावर बसून भिंतीवरचा मूत्रपिंडाचा तक्ता पाहतो. तो तक्ता मला आता पाठ आहे. परीक्षा कोणी घेत नाही, एवढंच.

तिच्या शेजारच्या पलंगावर शकू असते. शकू मोरा बंदरावरची, मासळी विकणारी, वय पंचेचाळीसच्या आतबाहेर, आवाज अर्थातच बाजारातला. तिच्या मुलीने, मनस्वीने, आईला चार तास विरंगुळा हवा म्हणून एका टॅबमध्ये जपानी चित्रपट भरून दिले. खरी माणसं नसलेले, हाताने काढलेले. त्यांत डोंगर बोलतात, मांजरी दुकान चालवतात आणि कोणाला कशाचं आश्चर्य वाटत नाही. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. शकूला इंग्रजी येत नाही. वसुंधराने एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलेलं. तेव्हा ती खालची अक्षरं वाचून मोठ्याने मराठीत सांगायला लागली. "ती म्हातारी म्हणतेय, डोंगर आज घरी नाही, उद्या या." बाकीच्या पलंगांवरचे लोकही कान देऊ लागले. यंत्र लावणाऱ्या अंकिता सिस्टर तर शेवट कळल्याशिवाय कोणाची सुई काढेनात.

त्यातच नव्या चित्रपटाची बातमी आली. ज्या म्हाताऱ्या जपानी दिग्दर्शकाचे चित्रपट या दोघींना सर्वांत आवडायचे, तो अकरा वर्षांनी नवीन काहीतरी काढत होता. समुद्राच्या तळाशी एक टपाल कचेरी आहे, तिथे एक बगळा पोस्टमास्तर आहे, आणि बुडालेली पत्रं तो पोचवतो, अशी काहीतरी गोष्ट. चित्रपट पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या सुमारास येणार होता. तोवर कंपनीने एक मिनिट बारा सेकंदांची झलक सोडली होती. अंधारा समुद्र, एक कंदील, आणि डोक्यावर टोपी घातलेला बगळा पाकिटावर शिक्का मारतो. संपलं. ती झलक या दोघी प्रत्येक वेळी यंत्र सुरू झालं की आधी पाहत, देवाला हात जोडावेत तशा. "लाटा बराबर काडल्यान," शकू म्हणायची. "मानूस दर्यावर जाऊन आलाय."

मला त्यात काही कळत नव्हतं. समुद्राखाली टपाल वेळेवर पोचतं आणि आमच्या खांदा कॉलनीत पोचत नाही, एवढीच त्या चित्रपटाविषयी माझी टीका होती.

मग भाद्रपदात एक वाईट आठवडा आला. यंत्र चालू असतानाच वसुंधराचा रक्तदाब एकदम उतरला, ओठ निळे पडले, आणि तिला दोन दिवस इस्पितळात ठेवावं लागलं. घरी परतताना रिक्षात तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि विचारलं, "अहो, पावसाळ्याला किती महिने राहिले?"

मी मोजले. नऊ. मी "थोडेच" म्हणालो. ती हसली. बाईंना गणितही यायचं.

त्या क्षणी मी ठरवलं. ज्या प्रभाकर साठ्याने उभ्या हयातीत एकही फाईल घाईने पुढे सरकवली नाही, तो ही एक फाईल सरकवणार. नऊ महिने हिच्याकडे आहेत की नाहीत हे डॉक्टर सांगत नव्हते, आणि मला विचारायचा धीर नव्हता. अर्ज करण्याचा मात्र होता. या जगात जे काही हलतं ते अर्जाने हलतं, आणि जे हलत नाही ते दुसऱ्या स्मरणपत्राने हलतं, ही माझी श्रद्धा आहे. तिला मी अजूनही चिकटून आहे.

मुलाला, निनादला, पुण्याला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, त्यांच्या वेबसाइटवर फॉर्म आहे, तो भरा." फॉर्म मी पाहिला. त्यात पन्नास अक्षरांची मर्यादा होती. माझा नुसता मायनाच तेवढ्याचा होतो. "महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय कळविण्यात येते की" इथेच फॉर्म लाल झाला. यंत्रापुढे शिष्टाचाराला काही किंमत नाही हे समजून मी कागद घेतला.

कच्चा मसुदा घेऊन इंद्रजीत कारखानीसकडे गेलो, हीच चूक. इंद्रजीत आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीपासून परराष्ट्र धोरणापर्यंत कशातही सल्ला द्यायला तो कधी कमी पडलेला नाही. त्याने मसुदा वाचला आणि मान हलवली.

"प्रभाकरराव, याला वजन नाही. जपानी माणूस शिस्तीचा असतो. कागद बघून निर्णय घेतो. वहिनी तुमच्या पत्नी आहेत याला पुरावा काय?"

"बेचाळीस वर्षं झाली."

"ते तुम्ही म्हणता."

आमच्या लग्नाची नोंदणी नव्हती. त्या काळी लोक नुसतेच लग्न करत. मग शंभराच्या जागी पाचशेचा स्टँप पेपर, त्यावर प्रतिज्ञापत्र, नोटरी. नोटरीने विचारलं, कशासाठी पाहिजे? मी म्हणालो, समुद्राखालच्या बगळ्यासाठी. त्याने कारणाच्या रकान्यात "इतर कारणे" असं लिहिलं. मग आधार कार्डाची प्रत, ज्येष्ठ नागरिकाचं ओळखपत्र, डायलिसिसच्या फाईलच्या सत्यप्रती आणि सोसायटीचा ठराव जमवला. ठराव सर्वानुमते होऊ शकला नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या निकेशने "आधी पार्किंगचा विषय घ्या" म्हणून विरोध नोंदवला. शेवटी इंद्रजीतला आठवलं, "ज्यांच्यासाठी अर्ज, त्या जिवंत आहेत याचा दाखला?"

तो होता. वसुंधरा शाळेची पेन्शन घेते, दर नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. मागच्या वर्षीची प्रत सापडली. ती जोडताना माझी मान खाली गेली. बायको जिवंत असल्याचा कागद परदेशी पाठवायचा, आणि तोही दहा महिने जुना.

"आता भाषेत वजन आणा," इंद्रजीत म्हणाला. "'पत्नीस पाहण्याची इच्छा आहे' काय? इच्छा तर मलाही आहे. लिहा, 'अंतिम इच्छा'."

मी पेन खाली ठेवलं.

"लिहून टाका हो. कागदावर लिहिल्याने काय होतंय?"

ज्याने आयुष्यभर मानलं की जे कागदावर असतं तेच खरं असतं, त्या मी, त्या दिवशी, दोन शब्द लिहिले.

अर्जाला लोकप्रतिनिधीचं शिफारसपत्र पाहिजे, हेही इंद्रजीतचंच. लोकप्रतिनिधी कोणी भेटेना, तेव्हा होऊ घातलेले लोकप्रतिनिधी जगनभाऊ यांच्याकडे गेलो. हे इथल्या जमिनीचे मूळ मालक. यांच्या शेतात आता आमच्यासारख्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत. मी दारात बिचकत उभा राहिलो, त्याला कारण होतं. भाऊंची, शेताच्या बदल्यात मिळायच्या भूखंडाची फाईल एके काळी माझ्या टेबलावर अकरा वर्षं होती. माझा दोष नव्हता. त्यांच्या आजीचा अंगठा डावा की उजवा, असा प्रश्न मी उपस्थित केला होता, आणि आजी तोवर वारली होती.

पण भाऊ खुर्चीतून उठले. "या काका, बसा. तुमी फाईल दाबली म्हनून आमी वाचलो. माज्या चुलतभावाची लगेच सुटली, त्यानं मातीमोलानं इकून गाडी घेतली. आज जमीन बी नाय, गाडी बी नाय. आमची अडकली, आन् तवर भाव कुठच्या कुठं गेला. तुमचे उपकार हायत."

मी फाईल दाबली नव्हती, पृच्छा केली होती, हे मी त्यांना समजावून सांगू लागलो. पण त्यांनी तोवर शिफारसपत्रावर सही ठोकली होती आणि अर्जाची एक प्रत ठेवून घेतली होती. "आमच्या पोरांना वाचायला," म्हणाले. वसुंधराचा फोटोही मागितला. मी सोसायटीतल्या हळदीकुंकवाचा दिला.

टपाल कचेरीत भामाबाई खिडकीवर होत्या. पाकीट दीड किलो भरलं. "आत काय आहे?" "अर्ज." "वस्तू लिहा काका, अर्ज ही वस्तू नाही." आम्ही दोघांनी विचार करून 'कागद, वापरलेले' असं लिहिलं. मी पोचपावती मागितली, ती मिळाली. आवक क्रमांक मागितला, तो जपानात मिळेल असं कळलं. या सगळ्यातलं मी वसुंधराला काही सांगितलं नव्हतं. चित्रपट अचानक लवकर लागेल आणि ती चकित होईल, असा माझा बेत होता. मी चकित करण्यात कधीच तरबेज नव्हतो.

तीन आठवडे गेले. एका सोमवारी सकाळी केंद्राला निघालो, रिक्षा कॉलनीच्या चौकाकडे वळली, आणि मला समोर माझी बायको दिसली. शेजारी बसलेली वेगळी. ही वीस फूट उंच होती.

पनवेलमध्ये फ्लेक्स लागायला कारण लागत नाही. वाढदिवस, निवड, निवडीची शक्यता, काहीही चालतं. या फ्लेक्सवर मध्ये जगनभाऊ हात जोडून, डाव्या कोपऱ्यात चष्मा लावलेला एक जपानी म्हातारा (तो दिग्दर्शक नव्हताच, पोरांना कुठून मिळाला देव जाणे), उजवीकडे हळदीकुंकवातली वसुंधरा, खाली शुभेच्छुकांचे बारा गोल चेहरे. आणि मजकूर : "डायलिसिसग्रस्त सौ. वसुंधराकाकी साठे यांची अंतिम इच्छा पूर्ण करण्यासाठी थेट जपानशी पत्रव्यवहार करणारे लाडके नेतृत्व."

"जरा थांबवा," वसुंधरा रिक्षावाल्याला म्हणाली. तिने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला, पेपर तपासताना वाचायची तसा. मग पदर सारखा केला.

"चला," ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

कॉलनी मात्र बोलली. दुपारपासून लोक येऊ लागले. येताना शहाळी घेऊन येऊ लागले. डायलिसिसच्या माणसाला शहाळ्याचं पाणी विषासमान, पण हे सांगायला गेलं की लोक म्हणत, "आता कसलं पथ्य, घेऊ दे त्यांना काय हवं ते." सतरा शहाळी जमली. ती सगळी मी एकट्याने संपवली आणि मलाच पोटाचा त्रास झाला. कचेरीतले एक जुने सहकारी पांढरा शर्ट घालून आले, दाराशी चपला काढल्या, वसुंधराने दार उघडलेलं पाहून गोंधळले आणि "सहज आलो होतो" म्हणून चहा पिऊन गेले. दोघा-तिघांनी पहिल्या खेळाचे पास मागितले. निकेशने विचारलं, चित्रपट हिंदीत आहे का.

मी जगनभाऊंकडे धावलो. ते खरंच वरमले. "काका, शब्द तुमच्याच अर्जातला हाय. पन बदलतो." दुसऱ्या दिवशी 'अंतिम'वर 'प्रबळ' अशी पट्टी चिकटवलेली दिसली. चौथ्या दिवशी वाऱ्याने ती निघाली, आणि आता 'अंतिम' हा शब्द बाकीच्यांपेक्षा स्वच्छ दिसत होता.

शुक्रवारी केंद्रात मी बाकावरून उठून आत गेलो. दोघी झलक पाहत होत्या. मी पलंगांच्या मध्ये उभा राहिलो आणि सगळं कबूल केलं. स्टँप पेपर, ठराव, हयातीचा दाखला, इंद्रजीत, ते दोन शब्द. आजूबाजूचे सहा रुग्ण ऐकत होते, पळून जाणं त्यांना शक्य नव्हतं.

पहिल्यांदा शकू बोलली. "माजा फोटू का नाय लावला? पिक्चर आमी दोगी बगतो. शेवटची इच्छा हिची एकलीची कशी?"

वसुंधराला हसू आलं. ते दाबायच्या प्रयत्नात तिचे डोळे भरले. मग ती हळू आवाजात, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्हाला चित्रपट लवकर आणा म्हणून कोणी सांगितलं?"

"तूच विचारलंस, किती महिने राहिले."

"भरपूर राहिलेत ना, हे ऐकायला विचारलं. अहो, सोमवारी सुई टोचायची असते तेव्हा मी मनाशी म्हणते, चित्रपट यायचाय अजून. बुधवारी तेच, शुक्रवारी तेच. तो एकदा आला, बघून झाला, की मग सोमवारी मी काय म्हणू?"

मला पाठ असलेल्या तक्त्यात हे कुठेच नव्हतं.

"मोऱ्याला ओहोटी असली का लाँच लागत नाय," शकू छताकडे बघत म्हणाली. "लोकं लय शिव्या देतात. पन उठून कोनी जात नाय, समदी जेट्टीवर बसतात, शेंगा खातात, गजाली करतात. लाँच आली का मंग जायाच लागतं. येऊ दे का उशिरा. आमी बसलोय न्हवं."

यंत्रं सूं-सूं करत होती. अंकिता सिस्टरने काही नसताना नळी तपासली. मला दोन वर्षं वाटायचं की मी या दाराबाहेर बसून तिला सोबत करतो. ती कशाच्या आधारावर आत बसते हे मला ठाऊकच नव्हतं. ते शकूला ठाऊक होतं, आणि बहुधा बगळ्याला.

त्या संध्याकाळी मी टेबलाशी बसलो आणि आयुष्यातला सर्वांत लहान अर्ज लिहिला. "महोदय, संदर्भाधीन अर्ज मी मागे घेत आहे. चित्रपट सावकाश काढावा. लाटा पुन्हा तपासाव्यात. घाई नाही. अंतिम हा शब्द नजरचुकीने पडला असून तो वगळण्यात यावा." खाली इंग्रजी भाषांतर वसुंधराने केलं. इंद्रजीतला विचारलं नाही.

भामाबाईंनी पत्ता ओळखला. "मागे लवकर म्हणाला होतात ना काका?" त्यांनी फ्लेक्स वाचला होता, पनवेलमध्ये कोणी वाचला नव्हता? "आता उशिरा," मी म्हणालो. त्यांनी शिक्का दोनदा मारला, नीट उमटावा म्हणून.

जपानहून एकाही पत्राला उत्तर आलं नाही. चौतीस वर्षं मीही कोणाला दिलं नव्हतं, तेव्हा तक्रार कसली करणार.

मग पौषात, एका बुधवारी, मनस्वीचा आईला फोन आला. कंपनीने जाहीर केलं होतं की चित्रपट एक वर्ष पुढे गेला. म्हाताऱ्या दिग्दर्शकाचं समुद्राविषयी समाधान झालं नव्हतं, तो लाटा पुन्हा काढत होता. कॉलनीत हळहळ पसरली. इंद्रजीत घरी येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. जगनभाऊंनी मात्र फोन केला आणि म्हणाले, "काका, परत फाईल दाबली ना तुमी? भाव वाडतोय बगा." या वेळी मी पृच्छेचं काही बोललो नाही.

केंद्रात त्या दिवशी सण होता. सण म्हणजे प्रत्येकी अर्धा कप चहा, तोही दिवसाच्या पाण्याच्या मापातून वजा. शकू उठून बसली नाही. गेला आठवडाभर ती पडूनच होती, हाताची नस नीट चालत नव्हती, चेहरा सुजला होता. पण तिने कप वर केला. "लाटा पयल्याच बराबर होत्या," ती म्हणाली. "येडा हाय म्हातारा."

घरी येऊन मी फाईल काढली आणि शेवटच्या पानावर शेरा लिहिला : "मागणी मान्य. पुढील वर्षी, तारीख जवळ आल्यास, स्मरणपत्र पाठवणे. सोबत नवीन हयातीचा दाखला जोडणे."

वसुंधराने माझ्या खांद्यावरून वाचलं. तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि ओळीच्या शेवटी लिहिलं, "दोन."

"दुसरा कोणाचा?"

"शकूचा."

"अगं, तिला पेन्शन नाही. तिला हयातीचा दाखला कोण देणार?"

"तुम्ही द्या," ती म्हणाली. "आणि वेळेवर द्या. तो दाबून ठेवू नका."